मदत हवी आहे: घरच्या प्रार्थनासभेत सगळ्यांना बोलतं कसं करायचं?

सर्वांना प्रभूत सलाम. आम्ही बडोद्यातली काही मराठी कुटुंबं, रविवारची उपासना गुजरातीत म्हणून शनिवारी संध्याकाळी कोणाच्यातरी घरी मराठीतून प्रार्थनासभा घेतो. गाणी दणक्यात होतात पण बायबलमधलं वचन वाचलं की एकच काका बोलतात, बाकी गप्प आणि कॉलेजची मुलं मोबाईलमध्ये. ग्रुपवर रोज वचन टाकून बघितलं, नुसतं आमेन येतं. प्रेषितांची कृत्ये 2:42 मधलं शिक्षण, प्रार्थना जमतं, सहवास मात्र राहूनच जातो आणि मला तोच फार महत्त्वाचा वाटतो. पाळकसाहेब दरवेळी येऊ शकत नाहीत, मुलं मराठी बोलतात पण बायबलचं जुनं भाषांतर वाचताना अडखळतात. वेळ तासभरच. आजीपासून नातवापर्यंत सगळे आपल्या विश्वासाबद्दल बोलतील असे कोणते प्रश्न तुम्ही विचारता, आणि तो तास कसा वाटून घेता?