आर्थिक अहवालाच्या डॅशबोर्डवर कोणती विजेट ठेवावीत? सल्ला हवा

खतावणी:

नमस्कार मंडळी,

मी कंपनीच्या हिशेब विभागात एमआयएसचं, म्हणजे व्यवस्थापनासाठी अहवाल बनवण्याचं, काम पाहते. संचालकांना दर महिन्याला जाणारा अहवाल आजवर एक्सेलमध्ये होता. नफा-तोटा, रोकड, येणी-देणी आणि बजेटशी तुलना, एवढा त्याचा आवाका. आता तो पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं अहवाल आणि आलेख बनवण्याचं सॉफ्टवेअर) न्यायचा आहे. पहिलं पान तयार आहे, पण उघडल्यावर नजर कुठेच ठरत नाही. वर आकड्यांच्या कार्डांची रांग, मधे गेज (मीटरसारखं अर्धवर्तुळ), शेजारी खर्चाचा डोनट (मधे पोकळ असलेला गोल आलेख), खाली विक्रीचा रेषालेख; पानावरचे हे आलेख आणि ठोकळे म्हणजे विजेट. बैठकीत मात्र प्रश्न येतो तो असा: "नफा बजेटपेक्षा कमी का आला?" त्याचं उत्तर या पानावर कुठेच नाही.

तर प्रत्यक्ष, बजेट आणि मागचं वर्ष एकत्र कसं दाखवावं? विभागप्रमुखांना विजेट आपापल्या सोयीने बदलू द्यावीत का? आणि बाहेरून मिळणारी तयार कस्टम विजेट घ्यावीत का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

रेघांकन:

तुमच्या पानाचं दुखणं तुम्हीच नेमकं सांगितलंय. प्रश्न "का" असा आहे आणि विजेट सगळी "किती" सांगणारी आहेत.

गेज आधी काढा. अर्धवर्तुळ एवढी जागा खातं आणि सांगतं एकच आकडा. लक्ष्याशी तुलनाच दाखवायची असेल तर बुलेट ग्राफ वापरा. डॅशबोर्डच्या मांडणीचे तज्ज्ञ स्टीफन फ्यू यांनी तो गेजला पर्याय म्हणूनच मांडला होता. एक आडवी पट्टी म्हणजे प्रत्यक्ष आकडा, तिला छेदणारी उभी खूण म्हणजे लक्ष्य, आणि मागे फिकट छटांचे टप्पे. एका गेजच्या जागेत चार-पाच बुलेट सहज बसतात, शिवाय एकाखाली एक आल्यामुळे आपसातही ताडून पाहता येतात.

डोनटबद्दलही तेच. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसं आलेख कितपत अचूक वाचतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. समान मोजपट्टीवरची जागा डोळा सर्वांत नेमकी टिपतो, लांबीत थोडी चूक होते, कोन आणि क्षेत्रफळात जास्त. खर्चाची दहा शीर्षं असतील तर मोठ्याकडून लहानाकडे लावलेला आडवा स्तंभालेख घ्या. खात्यांची नावं लांब असली तरी मान न वाकवता वाचता येतात.

ताळेबंद:

रेघांकन यांनी चित्राचं सांगितलं, मी आकड्याचं सांगतो. रूप ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण त्या चुकल्या तर विजेट जितकं देखणं तितका घोटाळा मोठा.

पहिली, शिल्लक आणि उलाढाल यांतला फरक. विक्रीच्या बारा महिन्यांची बेरीज म्हणजे वर्षाची विक्री. बँकेतल्या बारा महिनाअखेरच्या शिलकांची बेरीज म्हणजे काहीच नाही. पॉवर बीआय मात्र कोणताही आकडी रकाना ओढला की बेरीजच करतं. रोकड, येणी, देणी, साठा आणि कर्ज यांच्यासाठी "कालावधीतली शेवटची शिल्लक" देणारं वेगळं मेजर (आकडा काढण्याचं सूत्र) लिहा आणि मूळ रकाने वापरणाऱ्यांपासून लपवून ठेवा.

दुसरी, टक्केवारी. प्रत्येक शाखेचा नफ्याचा टक्का काढून त्यांची सरासरी घेऊ नका. एकूण नफ्याला एकूण विक्रीने भागा. लहान शाखेचा मोठा टक्का सगळ्यांचं चित्र बिघडवतो.

तिसरी, चिन्ह. विक्री बजेटपेक्षा जास्त हे चांगलं, खर्च जास्त हे वाईट. हा नियम प्रत्येक विजेटमध्ये वेगळा लिहीत बसलात तर कुठेतरी हिरवा-लाल उलटा होणारच. खात्यांच्या यादीतच एक रकाना ठेवा, उत्पन्नाला अधिक एक आणि खर्चाला उणे एक. सगळी मेजरं त्यावरून चालवा.

खतावणी:

ताळेबंद, चिन्हाचा मुद्दा अगदी आमच्या वर्मावर आहे. आमच्या लेजरमधून जमा बाजू उणे येते, म्हणजे विक्री उणे आणि खर्च अधिक. संचालकांना उणे विक्री दाखवता येत नाही, म्हणून मी सगळ्याची उणे चिन्हं सरसकट काढते आहे. ते थांबवायला हवं का?

ताळेबंद:

हो, आजच. चिन्हं पुसली की बेरीज करून नफा येत नाही, आणि पुढे ज्या आलेखाची तुम्हाला सर्वांत जास्त गरज आहे तोही बनत नाही. साठवताना सगळीकडे उत्पन्न अधिक, खर्च उणे ठेवा. नफा-तोट्याच्या तक्त्यात खर्च अधिक दिसायला हवा, तर त्यासाठी केवळ दाखवण्याचं दुसरं मेजर करा. साठवण्याचं चिन्ह आणि दाखवण्याचं चिन्ह यांची गल्लत करू नका.

धबधबा:

तो आलेख म्हणजे वॉटरफॉल, आणि माझ्या मते मासिक आर्थिक अहवालातलं ते सर्वांत उपयोगी विजेट आहे. "नफा कमी का आला" याचं उत्तर द्यायलाच ते जन्माला आलंय. डावीकडे बजेटचा नफा, मग एकेक पायरी (विक्री किती घटली, कच्चा माल किती महागला, पगार किती वाढला, व्याज किती वाचलं) आणि उजवीकडे प्रत्यक्ष नफा.

पॉवर बीआयमधल्या मूळच्या वॉटरफॉलने हे जमतं, बाहेरचं विजेट लागत नाही. त्यासाठी बजेट आणि प्रत्यक्ष दोन वेगळ्या रकान्यांत न ठेवता एकाखाली एक ठेवा, आणि "प्रकार" नावाच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे बजेट किंवा प्रत्यक्ष असं लिहा. आलेखात कॅटेगरीच्या जागी हा प्रकार टाका, ब्रेकडाउनच्या जागी खातेगट आणि मूल्य म्हणून चिन्हासह रक्कम. दोन खांबांमधला फरक तो आपोआप खातेगटांत फोडून दाखवतो. खर्च उणे साठवला असेल तर वाढलेला खर्च आपसूक खाली उतरणारी लाल पायरी होतो. ताळेबंद म्हणाले ते याचसाठी.

इथे दोन ठिकाणी लोक अडखळतात. आलेख वर्णानुक्रमाने लागतो, म्हणून "प्रत्यक्ष" आधी आणि "बजेट" नंतर येतं आणि सगळ्या पायऱ्या उलट्या होतात. प्रकाराला क्रमांकाचा रकाना जोडून "सॉर्ट बाय कॉलम" लावा. शिवाय तो सुरुवातीला पाचच पायऱ्या दाखवतो आणि उरलेल्या "इतर"मध्ये ढकलतो. ही मर्यादा फॉरमॅटमध्ये वाढवता येते. पण माझा आग्रह असा की वाढवण्याऐवजी खातेगटच विचार करून पाडा. सात-आठ पायऱ्यांपलीकडे कुणी वाचत नाही आणि मोठ्या "इतर"वर संचालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला.

पिव्होट:

थोडं वेगळं मत. अहवाल महिन्यातून एकदा, वाचणारे मोजके आणि विदा (डेटा) थोडी असेल तर एक्सेल सोडायची घाई का? वॉटरफॉल एक्सेल २०१६ पासून आहे, तक्त्याच्या चौकटीत बसणारे इवले आलेख, म्हणजे स्पार्कलाइन, २०१० पासून. वॉटरफॉलमध्ये शेवटच्या खांबावर "सेट अ‍ॅज टोटल" करायला विसरू नका, नाहीतर तोही पायरीसारखा हवेत लटकतो. विदा पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधली विदा आणून नीट लावण्याची सोय) आणली तर दर महिन्याची कापाकापीही संपते.

खतावणी:

पिव्होट, पटतंय, पण विभागप्रमुखांनी आपापलाच विभाग पाहावा अशी वरून अट आहे. एक्सेलच्या फायली वाटून ते सांभाळणं अवघड जातं.

कुलूपकिल्ली:

मग पॉवर बीआयच बरं. पण लपवलेलं विजेट किंवा आधीच लावून ठेवलेला फिल्टर म्हणजे सुरक्षा नव्हे. रो-लेव्हल सिक्युरिटीच लावा, म्हणजे कुणाला विदेच्या कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारं बंधन. आणि तपासा की विभागप्रमुखांना वर्कस्पेसमध्ये (अहवाल ठेवण्याच्या सामायिक जागेत) फक्त पाहण्याचा अधिकार आहे. ज्यांना संपादनाचा अधिकार असतो त्यांना हे बंधन लागूच होत नाही, त्यांना सगळ्यांचे आकडे दिसतात.

विजेट बदलण्याबद्दल. मोकळं रान देऊ नका, पण दार बंदही करू नका. फील्ड पॅरामीटर वापरलं तर एकाच आलेखावर वाचणारा "विभागानुसार, उत्पादनानुसार, ग्राहकानुसार" असा आस बदलू शकतो, आणि मेजर तेच राहतं. "पर्सनलाइझ व्हिज्युअल्स" चालू केलं तर वाचणारा आलेखाचा प्रकारही बदलून स्वतःपुरता बुकमार्क करून ठेवू शकतो. मूळ अहवालाला धक्का लागत नाही. व्याख्या सगळ्यांसाठी एक, मांडणी ज्याची त्याची.

कस्टम विजेट घ्यायचीच तर "सर्टिफाइड" खूण असलेलीच घ्या. त्यांचा कोड तपासलेला असतो आणि ती बाहेरच्या सेवांशी बोलत नाहीत. आर्थिक विदेसाठी हे महत्त्वाचं आहे. ही खूण नसलेली विजेट पॉवरपॉइंटमध्ये निर्यात करताना आणि ईमेलने जाणाऱ्या अहवालात दिसत नाहीत, आणि ते नेमकं बैठकीच्या सकाळी लक्षात येतं.

रेघांकन:

प्रत्यक्ष, बजेट आणि मागचं वर्ष एकत्र दाखवण्याबद्दल लिहायचं राहिलं. यासाठी आयबीसीएस नावाची मांडणीची प्रमाणपद्धती आहे. प्रत्यक्ष गडद भरीव, मागचं वर्ष त्याच रंगाची फिकी छटा, बजेट नुसती पोकळ चौकट, अंदाज तिरप्या रेघांचा. यामुळे रंग मोकळा राहतो आणि तो फक्त चांगल्या-वाईट फरकासाठी वापरता येतो. कंपनीच्या बोधचिन्हाचे रंग खांबांना देण्याचा आग्रह होईल, तो शीर्षपट्टीपुरता मान्य करा. लाल-हिरव्याचा फरक न दिसणारे पुरुष थोडेथोडके नाहीत, म्हणून रंगासोबत अधिक-उणे चिन्ह किंवा बाण हवाच. हे सगळं एकदा थीमच्या फाइलमध्ये बसवा, म्हणजे प्रत्येक विजेट वेगळं रंगवत बसावं लागणार नाही.

खांब शून्यापासूनच सुरू करा, याला अपवाद नाही. रेषालेखाला चालतो. आणि एकाच आलेखावर डावी-उजवी अशा दोन मोजपट्ट्या टाळा. दोन रेषा कुठे एकमेकींना छेदतात हे त्यात आकड्यांनी ठरत नाही, बनवणाऱ्याने निवडलेल्या मोजपट्टीने ठरतं. विक्री आणि नफ्याचा टक्का एकाखाली एक ठेवा, महिन्यांचा आस समान.

गोलमेज:

डोनटची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहिते. दोनच भाग असतील, उदाहरणार्थ मुदतीत असलेली आणि मुदत उलटलेली येणी, तर डोनट पटकन कळतो आणि "निम्म्याहून जास्त" हे तर त्यावर सगळ्यांत लवकर दिसतं. खर्चाच्या शीर्षांना मात्र नकोच, तिथे सहमत.

धबधबा:

दोन भागांपुरतं मान्य.

खतावणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवते आहे: वर नफा, रोकड आणि येणी यांचे बुलेट, मधे मोठा वॉटरफॉल, खाली नफा-तोट्याचा तक्ता. तपशील ड्रिल-थ्रू (आकड्यावरून उघडणाऱ्या) पानांवर. एक शंका उरते. चालू महिना बंद व्हायच्या आधी कुणी पान उघडलं तर शेवटचा महिना कोसळल्यासारखा दिसतो. तो वगळावा का?

ताळेबंद:

वगळू नका, रोकड पाहणाऱ्याला तोच हवा असतो. महिन्यांच्या तक्त्यात "बंद" किंवा "तात्पुरता" असा रकाना ठेवा. रेषालेखात बंद महिन्यांपर्यंत सलग रेघ आणि पुढे तुटक, वॉटरफॉल मात्र मुळात शेवटच्या बंद महिन्यावर थांबलेला. शीर्षकही मेजरवरून घ्या. शीर्षकाच्या फॉरमॅटमध्ये एफएक्स बटण असतं, त्यातून "बजेट ते प्रत्यक्ष नफा, सप्टेंबरअखेर, रक्कम लाखात" असं आपोआप बदलणारं वाक्य बसवता येतं. विदा शेवटची कधी ताजी झाली ती वेळही तिथेच द्या. तात्पुरते आकडे कुणी कापून सादरीकरणात चिकटवले तरी तो शब्द त्यांच्यासोबत जाईल.