मदत हवी आहे: बाथरूममधली पाखरं आणि ज्वारीतली पाखरं एकच का?

नमस्कार मंडळी. पावसाळा लागल्यापासून बाथरूमच्या टाइल्सवर बारीक करडी पाखरं बसलेली असतात. जेमतेम तीन मिलिमीटर, अंगावर लव, पंख पसरून बसली की बदामाचा आकार दिसतो. धड उडतही नाहीत, हुसकलं की वीतभर जाऊन परत भिंतीला चिकटतात.

त्यातच ज्वारीच्या डब्याभोवतीही पाखरं फिरायला लागलीत. ही थोडी मोठी, फिकट पिवळसर, पंख अंगाशी मिटून लांबट बसणारी. सासूबाईंचं म्हणणं, धान्यातलीच तिकडे जातात, ज्वारीला ऊन दाखव. ऊन आहे कुठे! चिरडल्यावर दोन्हींची भुकटी बोटाला लागते. खात्रीची खूण कोणती? फोटो धूसर येतायत, म्हणून दिले नाहीत.

प्रतिसाद
ताई, भुकटीवर जाऊ नका. बाथरूममधली वर्णनावरून माशी वाटतेय, पतंग नव्हे. एक मेलेली पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून पंख मोजा. माशीला पंखांची एकच जोडी, मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गुंड्या. पतंगाला चार पंख. मागचे पुढच्यांखाली दडतात, तेव्हा टाचणीने सरकवून बघा. पतंगाची भुकटी म्हणजे खवले, या माशीचे मात्र केस गळतात.

भिंग नसेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली करून आणि थोडी फट ठेवून. सकाळी त्यावर पाखरं सापडली तर पाइपातूनच येतायत. अळ्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात. नुसतं फिनाइल ओतून तो थर निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो.

प्रतिसाद
ज्वारीचं मी सांगतो. मूठभर दाणे ताटात पसरा. दाण्याला गोल भोक आणि आतून पोकळ असेल तर अळी दाण्यातच वाढलीय, पिवळसर पतंग तिचाच. दाणे जाळीने एकमेकांना चिकटून गोळे झाले असतील तर पतंग दुसरा, तो पिठाला आणि रव्यालाही सोडत नाही. भोकवाल्याला अख्खा दाणाच लागतो, त्यामुळे पिठाचा डबा वाचतो. ऊन नाही तर पिशव्या भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. भोकं आहेत, जाळी नाही. पण फ्रीझरमध्ये दहा किलो ज्वारी मावायची कशी? थोडी थोडी करून ठेवली तर बाकीच्या डब्यात परत होतील ना?