मदत हवी आहे: थॉमसन द्राक्षं काढून नवी जात लावावी का?

निफाडकडे आमची २ एकर बाग, सगळी थॉमसन. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून फवारणीची वही चोख आहे. रेसिड्यूत (औषधाच्या अंशाच्या तपासणीत) पास होतो, पण मार खातो मण्यात! चिली-पेरूवाले पेटंटच्या नव्या जाती पाठवतात. मणी जाड, कडक, जीएचा (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचा) खर्चही कमी. आम्ही अजून एकेक घड जीएच्या मगात बुडवतोय, मजुरी तिथंच जाते. त्यात २०२३ अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपातल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत नरम मणी टिकणार कसा?

लायसन्सवर आरा (तसलीच पेटंटची जात) लावलेलं कुणी आहे का इथे? रॉयल्टी किलोमागे की एकरी? माल फक्त लायसन्स देणाऱ्या कंपनीलाच द्यावा लागतो का? आणि नवी बाग धरेपर्यंत पहिली दोन वर्षं घर कसं चालवलंत? (वडील थॉमसनला कुऱ्हाड लावू देत नाहीयेत.)