मदत हवी आहे: काचबिंदूसाठी ट्यूब बसवायची आहे, अहमद व्हॉल्व्ह की एएडीआय?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना, अण्णांना (वय 71, कोथरूड), काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलेला, सगळी भिस्त उजव्यावर. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि काचबिंदूची ट्रॅब (ट्रॅबेक्युलेक्टमी, डोळ्यातलं पाणी बाहेर जायला नवी वाट करण्याची शस्त्रक्रिया), दोन्ही पूर्वीच झालंय. पण ट्रॅबची वाट व्रण धरून बुजली. तीन प्रकारचे ड्रॉप्स घालूनही डोळ्यातलं प्रेशर 28 च्या खाली येत नाही. प्रेशर उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्यांनी हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही. म्हणून आता ट्यूब (डोळ्यातलं पाणी बाहेरच्या बाजूला बसवलेल्या छोट्या प्लेटकडे नेणारी बारीक नळी) बसवा असं डॉक्टर म्हणतात.

गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची, हे आम्ही आणि अण्णांनीही मान्य केलंय. फील्ड टेस्टच्या कागदावर वरच्या अर्ध्या भागातला काळा पट्टा मधल्या ठिपक्याला अगदी टेकलाय. तरी सकाळी गॅलरीत बसून ते पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. याच डोळ्यावर सुरी चालवायची म्हटलं की पोटात गोळा येतो.

अडलंय ते ट्यूब कोणती घ्यायची यावर. अहमदला झडप असते, त्यामुळे प्रेशर पहिल्या दिवसापासून उतरतं आणि एकदम फार खालीही सहसा जात नाही. पण काही आठवड्यांनी प्लेटभोवती जाड पापुद्रा धरतो, प्रेशर पुन्हा चढतं आणि ड्रॉप्स परत सुरू होतात. एएडीआय मदुराईच्या ऑरोलॅबची, बेअरव्हेल्ट या परदेशी ट्यूबच्या धर्तीवरची आणि बरीच स्वस्त. तिला झडप नाही, म्हणून ट्यूब विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात. दोरा सुटायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तोवर प्रेशर चढंच राहू शकतं, आणि सुटला की एकदम घसरूही शकतं. अहमद आणि बेअरव्हेल्ट यांची पाच वर्षं तुलना झाली, तेव्हा बेअरव्हेल्टवाल्यांचं प्रेशर जास्त खाली राहिलं आणि औषधं कमी लागली, पण प्रेशर फाजील उतरल्याने बिघडलेले डोळेही त्याच गटात जास्त होते. अण्णांच्या डोळ्याच्या नसेला ते पाच-सहा आठवडे झेपतील का, हाच माझा मुख्य प्रश्न. माझा कल अहमदकडे आहे. डॉक्टरांना दोन्ही चालतील, निर्णय त्यांनी आमच्यावर सोडलाय.

पुन्हा ट्रॅब करावी का, हेही विचारून झालं. ट्यूब आणि ट्रॅब यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या टीव्हीटी अभ्यासात आधी ऑपरेशन झालेलेच 212 रुग्ण होते. पाच वर्षांत ट्रॅब सुमारे 47 टक्के जणांत अपयशी ठरली, ट्यूब सुमारे 30 टक्क्यांत. त्यामुळे तो विचार आम्ही सोडला.

दुसऱ्या एका ठिकाणी बारीक स्टेंटचा (पाण्याचा निचरा वाढवायला डोळ्याच्या आत बसवायच्या अगदी छोट्या नळीचा) पर्याय सुचवला. मला तो पटला नाही. आयस्टेंटसारखे स्टेंट मुख्यतः सौम्य ते मध्यम काचबिंदूत, बहुतेकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबतच घालतात. शिवाय सायपास नावाच्या स्टेंटला अमेरिकेत 2016 साली मंजुरी मिळाली होती. पाच वर्षांच्या तपासण्यांत बुबुळाच्या (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशी जास्त झडताना दिसल्या, आणि 2018 मध्ये कंपनीनेच तो बाजारातून काढून घेतला. ट्यूबमुळेही या पेशी कमी होतात म्हणे. म्हणून विचारते, कुणाच्या घरी ट्यूब बसवून चार-पाच वर्षं झाली आहेत का? बुबुळ स्वच्छ राहिलं का? ट्यूब वरचं आवरण झिजून उघडी पडली का? एका वस्तूच्या दोन दिसतात का?

अण्णा एकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेतात. ती आधी बंद करायला सांगितली होती का, आणि कुणी सांगितली, डोळ्याच्या डॉक्टरांनी की हृदयाच्या? (शीर्षासन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यात डोळ्यातलं प्रेशर दुपटीपर्यंत जातं म्हणून डॉक्टरांनी बंद करवलं. काचबिंदू असलेल्या कुणी करत असाल तर कृपया आधी विचारा.)

पुण्यात फक्त काचबिंदूचंच काम करणारे आणि ट्यूब नेहमी बसवणारे सर्जन माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोहम्मदवाडीच्या देसाई रुग्णालयात कुणी ट्यूब बसवून घेतली असेल तर तो अनुभवही हवाय. विशेषतः ज्यांचा एकच डोळा कामाचा होता त्यांनी काय ठरवलं आणि पहिले दोन महिने कसे काढले, ते सविस्तर लिहा. पुढच्या आठवड्यात तारीख ठरवायची आहे.