केंटकी आणि युटा: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्युदरात एवढी तफावत का?

प्रश्न: अमेरिकेतल्या राज्यांत हा दर केंटकीत वर्षानुवर्षं फार जास्त, युटात सर्वांत कमी. युटाची लोकसंख्या तरुण आहे म्हणून का?

आकडेमोड: नाही. वय-प्रमाणित दरांतही (लोकसंख्येतला वयाचा फरक काढून टाकलेल्या) तफावत उरतेच. कच्च्या, म्हणजे वयाचा हिशेब न धरलेल्या, दरांची तुलना मात्र करूच नका. मुख्य कारण सिगारेट. युटात मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) मोठ्या संख्येने, त्यांना तंबाखू वर्ज्य. केंटकीत तंबाखू हे पिढ्यानपिढ्यांचं नगदी पीक.

भूस्तर: रेडॉन, म्हणजे जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू, विसरू नका. केंटकीतल्या चुनखडीच्या भेगांतून तो घरात शिरतो. धूम्रपान करणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी अधिक. तळघरात मोजणी कराच.

साथरोग: कल वाचताना धूम्रपान आणि मृत्यू यांत २०-३० वर्षांचं अंतर धरा. पुरुषांचा दर १९९०च्या सुमारास शिखरावर होता. स्त्रियांचा नंतर, कारण त्यांच्यात सिगारेट उशिरा पसरली. आजचे मृत्यू आजच्या धूम्रपानाशी जोडले की गणित चुकतं.