सुपरकंडक्टिंग टेपचा १ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर: नागपुरात करून बघावा का?

अंबाझरीकर: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं १ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर करतोय, सेकंडरी (वीज बाहेर देणारी वाइंडिंग) तांब्याऐवजी वायबीसीओ या सिरॅमिकच्या टेपची. हा पदार्थ साधारण ९२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतो, म्हणजे विजेला त्याचा रोधच उरत नाही, आणि लिक्विड नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे थंड करायला हीलियम लागत नाही. मे महिन्यात डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) तापून बंद पडताना लहानपणापासून बघतोय. तांब्यातला लॉसच (उष्णता होऊन वाया जाणारी वीज) काढता आला तर?

वाइंडिंगवाला, हिंगणा रोड: आधी हिशेब मांड बावा. सेकंडरी १०० अँपियरची धर. बाहेरून आत जाणाऱ्या दोन तांब्याच्या लीड्सच (जोडतारा) साधारण ९ वॅट उष्णता आत नेतात. तेवढ्यानं दिवसाला ५ लिटर नायट्रोजन उडतो. मशीननं थंड करायचं म्हटलं तर आतल्या १ वॅटमागे बाहेर १०-२० वॅट वीज जाते, म्हणजे नुसत्या लीड्सपायी ९०-१८० वॅट. आणि एवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यात जळतात किती? ३०-४० वॅट. कोअरचा, म्हणजे आतल्या लोखंडाचा, लॉस तर आहे तिथंच राहतो. साधं तांबं नायट्रोजनमध्ये बुडवलं तरी त्याचा रोध सात-आठ पट उतरतो. मग ही महागडी टेप कशाला?

सायली_लॅब: काका, तुमचा हिशेब बरोबर आहे. त्यात एसी लॉसही धरा, म्हणजे करंट सतत उलटसुलट होत राहिल्यानं टेपमध्ये होणारा. ५० हर्ट्झला टेप पूर्ण लॉसमुक्त नसते. पण टेपचं खरं मोल शॉर्ट सर्किटमध्ये आहे. करंट मर्यादेबाहेर गेला की टेप सुपरकंडक्टर राहत नाही, रोध उभा राहतो आणि फॉल्ट करंट (शॉर्ट सर्किटचा वाढलेला करंट) तिथंच दबतो. तांब्याला हे जमत नाही. शिवाय ऑइल नाही, म्हणजे ऑइलच्या आगीची भीती नाही. १९९७ मध्ये जिनिव्हात एबीबी कंपनीनं ६३० केव्हीएचा सुपरकंडक्टिंग ट्रान्सफॉर्मर ग्रिडवर चालवून दाखवलाय. मुलांनी हे हातानं करून बघायलाच हवं.

वाइंडिंगवाला, हिंगणा रोड: त्याला तीस वर्षं होत आली, ताई. आपल्या गल्लीत आला का? गरिबाघरच्या पोरांचा पैसा आहे हा, म्हणून जीव तुटतो.

अंबाझरीकर: काका, लीड्सचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. आता वीज वाचवण्याचा दावा काढतो, फॉल्टची चाचणी ठेवतो. टेप फक्त काही मीटर घेऊ, तीही चौघांत.

वाइंडिंगवाला, हिंगणा रोड: माझं मत तेच आहे. पण करणारच असाल तर टेप गुंडाळायला चौकोनी बॉबिन (साचा) घेऊ नका. कोपऱ्यावर टेप मुडपली की आतला सिरॅमिकचा थर तडकतो, वरून काहीच दिसत नाही. गोल फॉर्मर दुकानात येऊन घेऊन जा. कोअरभोवतीचं भांडं फायबरचंच करा, स्टीलचं केलंत तर तोच एक शॉर्ट झालेला टर्न (वाइंडिंगचा वेढा) होईल. आणि नायट्रोजन ओतताना खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत तो ऑक्सिजन हटवतो आणि माणसाला कळतही नाही.