डॉ. कॅसिडींनी 'हो' का म्हटलं? ट्रम्प यांचे मंत्री आणि सिनेटची संमती

मिशिगनकर (१४ फेब्रुवारी २०२५)

काल लसविरोधक रॉबर्ट केनेडी ज्युनियर अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले, ५२ विरुद्ध ४८ मतांनी. परवा तुलसी गॅबार्ड राष्ट्रीय गुप्तचर संचालक झाल्या, तेही ५२-४८. आणि जानेवारीत पीट हेगसेथ संरक्षणमंत्री झाले ते ५०-५० अशी बरोबरी होऊन, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर. आकडे बघा. शंभर जणांच्या सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या पक्षाचे, म्हणजे रिपब्लिकन ५३, डेमोक्रॅट ४७. म्हणजे नाव कुणाचंही असो, निकाल आधीच लागलेला.

अध्यक्षाच्या नेमणुकांना सिनेटची संमती लागेल असं घटनेत लिहिलंय ते कशासाठी? शोभेसाठी? हेगसेथ यांची सुनावणी मी सलग पाहिली. टॅमी डकवर्थ यांनी (इराकमध्ये हेलिकॉप्टर पाडलं गेलं तेव्हा दोन्ही पाय गमावलेल्या सिनेटर) विचारलं, आसियानमध्ये (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) देश किती, एखाद्याचं नाव सांगा. उत्तर आलं: दक्षिण कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया. तिघांपैकी एकही आसियानमध्ये नाही. जगातल्या सगळ्यात खर्चिक सैन्याचा कारभार ज्याच्या हातात द्यायचा त्याची ही तयारी! तरीही पास.

सत्ताधारी सिनेटरांनी स्वतःचा अधिकार स्वतःच्या हाताने गहाण टाकलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेक्सासचा तात्या

आलं रडगाणं. नोव्हेंबरात निवडणूक झाली, ट्रम्प जिंकले, सिनेटही लोकांनी रिपब्लिकनांच्या हातात दिली. ज्याला निवडून दिलं त्याला त्याची माणसं नेमू द्यायची की हरलेल्यांची? केनेडी प्रचारात व्यासपीठावर होते. लोकांना माहीत होतं ते काय बोलतात.

आणि 'निकाल आधीच लागलेला' हे अर्धसत्य आहे मालक. परराष्ट्रमंत्री रूबियो ९९-०. सीआयएचे रॅटक्लिफ ७४-२५. अर्थमंत्री बेसंट ६८-२९. यात डेमोक्रॅटांची मतं नाहीत का? सोयीचे आकडे तेवढे उचलायचे!

आरोग्यमंत्री डॉक्टर नाही म्हणून छाती पिटणाऱ्यांनी हे पण सांगावं, बायडन यांचे आरोग्यमंत्री बेसेरा कुठल्या मेडिकल कॉलेजातून शिकले होते? वकील माणूस. ५०-४९ ने पास झाला, रिपब्लिकनांमधून एकट्या सुझन कॉलिन्स यांचं मत मिळालं. तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

अबोली

तात्या, बेसेरा वकील होते हे खरं, पण लस घेऊ नका असं ते सांगत फिरत नव्हते. पदवी नसणं वेगळं आणि खात्याच्या मूळ कामालाच विरोध असणं वेगळं.

मुद्दा पूर्वीच्या सिनेटचा असेल तर १९८९ चं उदाहरण बघण्यासारखं आहे. थोरल्या बुश यांनी जॉन टॉवर यांना संरक्षणमंत्री म्हणून पुढे केलं. टॉवर म्हणजे हेगसेथ यांच्यासारखे टीव्हीवरचे निवेदक नव्हेत. २४ वर्षं सिनेटर, संरक्षण समितीचे माजी अध्यक्ष. ज्यांनी मत द्यायचं ते सगळे त्यांचे जुने सहकारी. आरोप कोणते? दारू, बायका, आणि संरक्षण कंपन्यांशी पैशाचे संबंध. त्यांनी टीव्हीवर येऊन जाहीर केलं की मंत्री झालो तर थेंबाला शिवणार नाही. एफबीआयचा अहवाल सिनेटरांनी स्वतः जाऊन वाचला. आणि ५३-४७ ने नाव पडलं. त्यानंतर आलेले डिक चेनी ९२-० ने पास झाले.

हेगसेथ यांनीही तेच वचन दिलं, मंत्री झालो तर दारू सोडेन. फरक इतकाच की या वेळी एफबीआयचा अहवाल समितीच्या अध्यक्षांना आणि विरोधी पक्षाच्या ज्येष्ठ सदस्याला, अशा दोघांनाच दाखवला. बाकीच्या ९८ जणांनी काय बघून मत दिलं?

टेक्सासचा तात्या

अबोलीताई, टॉवरची गोष्ट छान सांगितलीत, पण शेवटचं पान गाळलंत. तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅट ५५ होते. टॉवरविरुद्ध रिपब्लिकन मत पडलं एकच. म्हणजे तेव्हाही पक्षच बोलला, विवेक वगैरे नाही. संख्या उलटी होती इतकंच.

आणि दार कुणी उघडलं? नोव्हेंबर २०१३. सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड यांनी नियम बदलला, चर्चा संपवून मतदान घ्यायला लागणाऱ्या ६० मतांची अडचण काढून टाकली, साध्या बहुमतावर नेमणुका सुरू केल्या. पस्तावाल, असं रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी तेव्हाच बजावलं होतं. आता पस्तावताय, तर पस्तावा.

मिशिगनकर

२०१३ चा मुद्दा मान्य, तो नियम डेमोक्रॅटांनीच मोडला. पण तात्या, नियम बदलल्यामुळे 'हो' म्हणणं सोपं झालं, सक्तीचं नाही झालं. त्याच मॅकॉनेल यांनी या वेळी हेगसेथ, गॅबार्ड, केनेडी तिघांच्याही विरोधात मत दिलं. लहानपणी पोलिओ झालेला माणूस लसविरोधकाला आरोग्य खातं द्यायला तयार झाला नाही. पक्षातून हाकललं का त्यांना?

पेठेतला

आम्ही इथे पुण्यात बसून मजा बघतोय. सिनेटची सुनावणी म्हणजे याद्या झाल्यावर मुलगी बघायला जाणं. पोहे खायचे, दोन प्रश्न विचारायचे, घरी यायचं.

तरी तुमच्याकडे पोहे तरी मिळतात. आमच्याकडे पंतप्रधान नाव कळवतात, राष्ट्रपती शपथ देतात, झाला मंत्री. सहा महिन्यांत कुठल्याही एका सभागृहात शिरला की प्रश्न मिटला. राज्यात तर खातेवाटपाची यादी बाहेर येईपर्यंत खुद्द मंत्र्याला ठाऊक नसतं आपल्या नशिबात कृषी आहे की क्रीडा.

अबोली

पेठेतले, तुलना थोडी चुकतेय. आपला मंत्री सभागृहात बसतो, प्रश्नोत्तराच्या तासाला उभा राहतो, आणि निवडणूक लढवताना गुन्हे नि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो, ते कुणीही वाचू शकतं. अमेरिकेचा मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. त्याला लोकांनी निवडलेलं नसतं, रोज जाब विचारायला कुणी समोर नसतं. म्हणून दारातच अडवून तपासायचं. आत गेल्यावर त्याला काढणं जवळपास अध्यक्षाच्याच हातात.

निनावी वाचक

आपले श्री ठाणेदार काय करतायत? मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत आहे, त्याने विरोधात मत द्यायला हवं होतं. आणि मंत्रिमंडळात तुलसी गॅबार्ड, काश पटेल असे भारतीय आले याचा आनंद नाही का कुणाला?

मिशिगनकर

ठाणेदार आमच्याच डेट्रॉइटकडचे, प्रतिनिधीगृहात आहेत. नेमणुकांवर मत फक्त सिनेटचं. त्यांनी बेळगावी आवाजात कितीही ठणकावलं तरी मोजणीत धरत नाहीत.

गॅबार्ड हिंदू आहेत, भारतीय नाहीत. जन्म अमेरिकन सामोआचा. पटेल यांची एफबीआयची नेमणूक मंत्रिपदाची नव्हे, आणि त्यांचं मतदान अजून व्हायचंय. त्यांनी सुनावणीत आईवडिलांना 'जय श्रीकृष्ण' म्हटल्याची क्लिप मलाही कुटुंबाच्या ग्रुपवर चार काकांनी पाठवली. नमस्कार चांगला केला म्हणून एफबीआय द्यायची का, हे एकाही काकाने लिहिलं नव्हतं.

स्टेथोस्कोप

मी नाशिकला प्रॅक्टिस करते. अमेरिकेच्या पक्षांशी मला देणंघेणं नाही, पण या सगळ्यात एका माणसाबद्दल लिहायचंय. लुइझियानाचे सिनेटर बिल कॅसिडी.

हे यकृताचे डॉक्टर. राजकारणात येण्याआधी गरिबांच्या सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलं. बॅटन रूज परिसरात ३६ हजार मुलांना हिपॅटायटिस बीची लस मोफत टोचण्याचा कार्यक्रम यांनी उभा केला. सुनावणीत त्यांनी स्वतः एक आठवण सांगितली: हिपॅटायटिस बीमुळे यकृत निकामी झालेली १८ वर्षांची मुलगी, तिला प्रत्यारोपणासाठी हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. पन्नास डॉलरच्या लसीने हे टळलं असतं, असा विचार तेव्हा मनात आला म्हणाले. आम्ही डॉक्टर असा हिशेब मनात करतोच, ओपीडीत कावीळ झालेलं पोर आलं की.

सिनेटच्या आरोग्य समितीत त्यांनी केनेडींना पुन्हा पुन्हा विचारलं, लसीमुळे ऑटिझम होत नाही एवढं स्पष्ट म्हणा. सरळ उत्तर मिळालं नाही. मग ४ फेब्रुवारीला सिनेटच्या अर्थ समितीत केनेडींच्या नावावर मतदान झालं. १४-१३. कॅसिडी 'नाही' म्हणाले असते तर नाव तिथेच अडकलं असतं. ते 'हो' म्हणाले. सभागृहात जाऊन कारण दिलं: केनेडींनी आश्वासनं दिलीत, लस सल्लागार समितीच्या शिफारशी कायम ठेवू, ऑटिझमबद्दलचा खुलासा सरकारी संकेतस्थळावरून काढणार नाही, महिन्यातून अनेकदा बोलू.

रुग्ण 'उद्यापासून तंबाखू सोडतो डॉक्टर' म्हणतो तेव्हा आपण मान डोलावतो, पण औषध त्याच्या शब्दावर नाही लिहीत. आसियान माहीत नसलेल्या माणसापेक्षा सगळं माहीत असलेल्या माणसाचं हे मत मला जास्त खुपतं.

टेक्सासचा तात्या

डॉक्टरबाई, चांगलं लिहिलंत. पण कॅसिडींच्या जागी बसून बघा. २०२१ च्या महाभियोगात त्यांनी ट्रम्प दोषी असं मत दिलं होतं. त्यावरून त्यांच्याच राज्यातले रिपब्लिकन त्यांच्यावर खार खाऊन आहेत. पुढच्या वर्षी त्यांची निवडणूक. लुइझियानाच्या मतदाराला केनेडी हवे आहेत. मतदाराचं ऐकणं हा गुन्हा कधीपासून?

आणि सगळंच 'पास' होतं हेही खोटं. मॅट गेट्झ आठवतात? ॲटर्नी जनरलसाठी नाव आलं, रिपब्लिकन सिनेटरांनीच आतल्या आत 'जमणार नाही' कळवलं, आठ दिवसांत माघार. मतदान न होता काम झालं. तुम्हाला फक्त आरडाओरडा दिसतो.

अबोली

गेट्झ यांचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण त्यातून उलटंच सिद्ध होतं ना? चार रिपब्लिकनांनी मनावर घेतलं तर नाव पडतं. मग हेगसेथ यांच्या वेळी विरोधातले रिपब्लिकन तिघांवर का थांबले? मर्कोवस्की, कॉलिन्स, मॅकॉनेल. चौथा मिळाला असता तर व्हान्स यांना यावंच लागलं नसतं.

पेठेतला

चौथा नेहमी 'आश्वासन मिळालं' म्हणतो. इथेही, तिथेही.

स्टेथोस्कोप (२१ नोव्हेंबर २०२५)

धागा वर काढतेय. जूनमध्ये केनेडींनी लस सल्लागार समितीच्या सगळ्या १७ सदस्यांना एका फटक्यात घरी पाठवलं, तेव्हाच लिहिणार होते. आता पुढचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावर 'लसीमुळे ऑटिझम होत नाही' हे शीर्षक अजून आहे. पण त्यावर आता एक तारांकन आहे. खाली मजकूर बदललाय: हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही. आणि तारांकनाचा खुलासा असा की, सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी झालेल्या करारामुळे हे शीर्षक ठेवलं आहे.

समितीचे अध्यक्ष म्हणजे कॅसिडी.

टेक्सासचा तात्या

१७ सदस्य बायडन यांच्या काळात नेमलेले होते, त्यातले १३ तर २०२४ मध्ये. नव्या सरकारने आपले तज्ज्ञ आणले. संकेतस्थळाचं म्हणाल तर शीर्षक काढणार नाही म्हणाले होते, नाही काढलं. शब्द पाळला.

मिशिगनकर

तात्या, हे तुम्ही सरळ चेहऱ्याने टाइप केलंत?

टेक्सासचा तात्या

वकिली उत्तर आहे, मला माहितेय. पण मग करार लिहून घेताना डॉक्टरांनी नीट लिहून घ्यायचा होता. ते आरोग्य समितीचे अध्यक्ष आहेत. केनेडींना समितीसमोर बोलवायचा अधिकार आजही त्यांच्याच हातात आहे. बोलवा म्हणावं, आणि तारांकनाबद्दल विचारा. मी बघेन, पॉपकॉर्न घेऊन.

अबोली

या एका गोष्टीवर तात्यांशी पूर्ण सहमत. तारीख लागली की इथे टाका कुणीतरी.